पावलाखालची मऊ जागा

आरव्हीची जमीन मऊ पडली आहे, हे सगळ्यांत आधी तळपायाला कळतं. दारातून आत शिरताना पहिलं पाऊल पडतं तिथे, किंवा सिंकपुढे उभं राहून भांडी विसळताना टाचेखाली, जमीन किंचित दबते आणि पाऊल उचललं की पुन्हा वर येते. हे दबणं इतकं थोडं असतं की सुरुवातीला माणसाला भास वाटतो. मग एखाद्या रात्री पाणी प्यायला अनवाणी उठल्यावर तीच जागा पुन्हा पायाखाली येते आणि शंका उरत नाही. अशा जागेवर पुष्कळदा आधी एक पायपुसणं अंथरलं जातं. पाहुण्यांना ती जागा दिसत नाही, घरच्यांनाही ती विसरता येते. पायपुसण्याखाली मात्र ती रुंदावत राहते.

आरव्ही म्हणजे चाकांवरचं घर. ‘रिक्रिएशनल व्हेइकल’ या अमेरिकन नावाची ही आद्याक्षरं. त्यात गाडीमागे ओढायचे ट्रेलर येतात आणि स्वतःच्या इंजिनावर चालणारी मोटरहोमही येतात. अमेरिकेतल्या बहुसंख्य आरव्ही इंडियाना राज्याच्या उत्तर टोकाला, एल्कहार्ट आणि त्याच्या आसपास तयार होतात. या गावात आरव्हींचं संग्रहालयही आहे आणि तिथे 1913 सालचा एक ट्रेलर जपून ठेवलेला आहे. आजूबाजूच्या वस्त्यांमधले आमिश कारागीर या कारखान्यांत मोठ्या संख्येने काम करतात. स्वतः मोटार न बाळगणाऱ्या माणसांच्या हातून हजारो मैल फिरणारी घरं घडतात, ही गोष्ट तिथल्या लोकांना आता नवलाची राहिलेली नाही.

या घरांचं सगळं गणित वजनाभोवती फिरतं. रुंदी साडेआठ फुटांच्या पलीकडे जाता येत नाही आणि पिकअप ट्रकने चढावर ओढता येईल इतपतच भार चालतो. म्हणून विटा-सिमेंटच्या घरात जिथे ठोस भिंत असते, तिथे आरव्हीत पातळ थर असतात. जुन्या पद्धतीच्या ट्रेलरमध्ये दोन-दोन इंची लाकडी पट्ट्यांचा सांगाडा, त्यात काचेच्या लोकरीचं अस्तर आणि बाहेरून पन्हळी अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा असतो. नव्या पद्धतीची भिंत वेगळी. बाहेर फायबरग्लासचा गुळगुळीत पत्रा, त्यामागे लुआन नावाचा जेमतेम तीन मिलिमीटर जाडीचा प्लाय, त्यामागे पांढऱ्या पॉलिस्टायरीन फोमच्या लाद्या आणि त्यांच्या अधूनमधून अ‍ॅल्युमिनियमचे चौकोनी नळ, मग पुन्हा लुआन आणि त्यावर घरातला शोभेचा कागद. जमीनही बऱ्याचदा अशीच बनवतात, फक्त वरचा प्लाय जरा जाड असतो. लुआन हे आग्नेय आशियातल्या जंगलांतलं हलकं लाकूड. तिथल्या उंच झाडांच्या सालपटासारख्या पातळ चकत्या समुद्र ओलांडून इंडियानात येतात आणि भिंतींच्या पोटात कायमच्या झाकल्या जातात.

अशा थरांच्या रचनेला बळ येतं ते कोणत्याही एका थरामुळे नाही. पत्त्यांचा कॅट हातात धरून वाकवला तर सहज वाकतो, कारण प्रत्येक पान शेजारच्या पानावरून सरकतं. तीच पानं एकमेकांना घट्ट चिकटवली तर त्यांची फळी होते. आरव्हीच्या जमिनीवर पाय पडतो तेव्हा वरचा प्लाय आखडतो, खालचा ताणला जातो आणि मधला फोम त्या दोघांना ठरलेल्या अंतरावर धरून ठेवतो. हे धरणं गोंदाच्या जिवावर चालतं. गोंद सुटला की वर लवचिक प्लाय, खाली तसाच दुसरा आणि मध्ये नखाने ओरखडा निघेल असा फोम, अशा तीन दुबळ्या वस्तू शिल्लक राहतात. म्हणून कुठलाही थर तुटलेला नसताना जमीन मऊ पडू शकते. पाणी नसतानाही पडते. सिंकपुढे एकाच जागी वर्षानुवर्षं टाचा टेकून टेकून तिथला फोम चेपत जातो आणि प्लायपासून वेगळा होतो. ओट्यापुढची जमीन आधी मऊ होते, ती तिथे सगळ्यात जास्त वेळ कोणीतरी उभं असतं म्हणून.

तरीही बहुतेक मऊ जागांच्या मुळाशी पाणीच असतं. आरव्हीचं छप्पर रबरासारख्या पातळ पडद्याने मढवलेलं असतं. त्याला हवेच्या झरोक्यासाठी, सांडपाण्याच्या वायूनळीसाठी, एसीसाठी भोकं पाडलेली असतात आणि प्रत्येक भोकाभोवती लांबीसारखा लवचिक सीलंट ओतलेला असतो. भिंती आणि छप्पर जिथे मिळतात त्या कडेवर अ‍ॅल्युमिनियमची पट्टी, तिच्याखाली ब्यूटाइलची चिकट फीत आणि फितीतून आरपार गेलेले शेकडो स्क्रू. समोर आणि मागे वरच्या कोपऱ्यांत छोटे दिवे, त्यांनाही स्क्रू. उन्हाने सीलंट सुकतो, तडकतो. थंडीत तडीत शिरलेल्या पाण्याचा बर्फ होतो आणि तड रुंद करतो. आणि मुख्य म्हणजे हे घर चालतं. रस्त्यावरचा प्रत्येक खड्डा म्हणजे त्या भिंतींना बसलेला छोटा भूकंप. जमिनीवरच्या घराला आयुष्यात जेवढे हादरे बसत नाहीत तेवढे या घराला एका सुट्टीत बसतात. त्यात एखादा स्क्रू केसभर ढिला होतो आणि पावसाला तेवढं पुरतं.

आत आलेलं पाणी लगेच दिसत नाही. ते अ‍ॅल्युमिनियमच्या नळावरून घरंगळत जातं, फोमच्या दोन लाद्यांमधल्या फटीतून उतरतं, लुआनच्या कडेला शोषलं जातं आणि आडवंही पसरतं. छपराच्या पुढच्या कोपऱ्यातली गळती पलंगाखालच्या जमिनीत प्रकट होते. खिडकीच्या वरच्या चौकटीतून शिरलेलं पाणी खिडकीच्या खाली तीन फुटांवर भिंत फुगवतं. त्यामुळे जिथे ओल दिसली तिथेच छिद्र शोधणाऱ्याला ते सहसा सापडत नाही. पाण्याच्या वाटेने उलट, वर वर जावं लागतं.

लाकूड ओलं झालं म्हणून लगेच कुजत नाही. कुजवते ती बुरशी आणि तिला लाकडात पुरेशी ओल लागते. लाकडातला ओलावा वीस टक्क्यांच्या खाली असेल तर तिचं काही चालत नाही. पेशींच्या भिंती पाण्याने पुऱ्या भिजायला सुमारे अठ्ठावीस-तीस टक्के ओलावा लागतो आणि तिथून पुढे कुजीला मोकळं रान मिळतं. या बुरशीची एक जात लाकडातलं सेल्युलोज खाते आणि लिग्निन तेवढं मागे ठेवते. अशा लाकडाचा रंग तपकिरी पडतो, त्यात आडव्या-उभ्या भेगा जाऊन छोटे चौकोनी ठोकळे दिसू लागतात आणि चिमटीत धरलं की त्याची भुकटी होते. ही भुकटी कोरडी असते, म्हणून इंग्रजीत तिला ‘ड्राय रॉट’ म्हणजे कोरडी कुज असं नाव पडलं. नाव फसवं आहे. कोरड्या लाकडात ती होतच नाही. ती ओल्या लाकडात होते आणि माणूस लाकूड उघडून बघेपर्यंत ते वाळलेलं असतं, एवढंच. लुआनचं मरण आणखी वेगळं. त्याचे पापुद्रे आतल्या वापराच्या गोंदाने जोडलेले असतात. पाणी लागलं की ते चिरोट्यासारखे एकेक करून सुटे होतात आणि शेवटी भिजलेल्या पुठ्ठ्यासारखा लगदा उरतो. जमीन उचकटल्यावर जो वास येतो तो पावसाळाभर बंद राहिलेल्या माळ्याचा वास. तो एकदा घेतलेला माणूस पुढे कुठलीही गाडी बघताना दार उघडल्याबरोबर आधी नाकानेच तपासतो.

भिंतीचं दुखणं डोळ्यांना दिसतं, पण योग्य वेळी पाहिलं तर. भर दुपारी फायबरग्लासची भिंत सपाट, पांढरी, निर्दोष वाटते. संध्याकाळी ऊन तिरपं झालं की तीच भिंत बोलू लागते. मागच्या टोकाला उभं राहून भिंतीच्या कडेकडेने नजर टाकली की जिथे थर सुटले आहेत तिथे उथळ लाट दिसते, कुठे हाताच्या पंजाएवढा फुगा, कुठे खिडकीखाली भिंतीला सरळ सरळ पोट आलेलं. रात्री टॉर्च भिंतीला जवळजवळ टेकवून धरला तरी हेच दिसतं. मग बोटांच्या गाठींनी टकटक करत जायचं. धड भिंत नेटका, आखूड आवाज देते; थर सुटलेल्या जागी नाणं बद्द वाजावं तसा आवाज येतो. माठ घेताना, नारळ निवडताना, गिलाव्याचा पोकळ भाग शोधताना मराठी घरांत जो कान वापरला जातो तोच इथे उपयोगी पडतो. आवाज बदलतो तिथे पेन्सिलने खूण करत गेलं की शेवटी भिंतीवर एक नकाशा तयार होतो आणि तो बहुतेक वेळा फुग्यापेक्षा दुप्पट मोठा निघतो. दोन सुयांचं ओलावामापक यंत्र नंतर आकडा सांगतं. हद्द मात्र कानाने ठरलेली असते.

आता दुरुस्ती. तिचा सगळ्यात मोठा आणि सगळ्यात कंटाळवाणा भाग म्हणजे वाळवणं. इथेच बहुतेक दुरुस्त्या फसतात, कारण या भागात हाताला काही काम नसतं. आधी गळती शोधून बंद करायची. मग कडेच्या पट्ट्या, खिडकी, दिवे, जे काही काढता येईल ते काढून आतल्या थरांना हवा लागू द्यायची. पंखे लावायचे, हवेतली ओल शोषणारं यंत्र लावायचं आणि थांबायचं. फोमच्या मण्यांमध्ये अडकलेलं पाणी फार हळू निघतं. ओल्या भिंतीला दोन आठवडे लागतात, कधी महिना-दीड महिना. लाकूड बारा टक्क्यांच्या आसपास येईपर्यंत इपॉक्सीचा, म्हणजे थर पुन्हा जोडणाऱ्या राळेचा, डबा उघडू नये, हा नियम होडी बांधणाऱ्यांकडून आलेला आहे आणि त्याला पळवाट नाही. इपॉक्सी पाणी आत येऊ देत नाही, तसंच आत असलेलं पाणी बाहेरही जाऊ देत नाही. ओल्या लाकडावर ओतलेली इपॉक्सी म्हणजे बुरशीला बांधून दिलेली बंद खोली. वर्षभर जमीन टणक लागते, मालक समाधानी असतो आणि खालचं लाकूड निवांत कुजत असतं.

इपॉक्सी ही मुळात या कामासाठी जन्मलेली नाही. स्वित्झर्लंडचे रसायनशास्त्रज्ञ पिएर कास्तान दातांच्या कवळ्यांसाठी चांगला पदार्थ शोधत होते. त्या शोधात 1930 च्या दशकाच्या अखेरीस त्यांच्या हाती ही राळ लागली. अमेरिकेत सिल्व्हन ग्रीनली यांनीही अशाच पदार्थावर काम केलं. कास्तान यांच्या संशोधनाचे हक्क बाझलच्या सिबा कंपनीने घेतले आणि 1946 साली अ‍ॅरल्डाइट हे नाव बाजारात आलं. मराठी घरांतल्या खणात टॉर्च आणि पेचकसाच्या शेजारी पडलेल्या त्या दोन ट्यूब म्हणजे हीच इपॉक्सी. तुटलेल्या कपाचा कान जोडायला दोन थेंब सारखे घेऊन काडीने कालवणारा कोणीही, नकळत, हेच रसायन वापरत आलेला आहे.

तिला लाकडाची सोयरी केली ती होडीवाल्यांनी. मिशिगन राज्यातल्या बे सिटीत गूजन आडनावाचे तीन भाऊ बर्फावर पळणाऱ्या शिडाच्या होड्या बांधत. 1969 साली त्यांनी त्याचा धंदा सुरू केला. लाकडाच्या पातळ पट्ट्या इपॉक्सीने जोडायच्या आणि प्रत्येक पृष्ठभाग इपॉक्सीने असा मढवायचा की लाकडाच्या आतला ओलावा बदलूच नये, ही त्यांची पद्धत. पुढे पवनचक्क्यांची लांबलचक पातीही त्यांनी याच रीतीने लाकडाची बनवली. होडीच्या डेकमध्येही दोन पातळ कातडी आणि मध्ये हलका गाभा असतो. तिथेही स्क्रूच्या भोकांतून पाणी शिरतं आणि डेक पायाखाली दबू लागतो. त्यामुळे आरव्ही दुरुस्त करणाऱ्यांना वेगळं शास्त्र उभारावं लागलं नाही. तळ्याकाठच्या होडीच्या गोदामात जे चालत होतं ते उचलून त्यांनी अंगणात उभ्या असलेल्या ट्रेलरपाशी आणलं.

इपॉक्सीचा स्वभाव समजून घेतल्याशिवाय तिच्याशी काम करू नये. ती दोन द्रवांची असते, राळ आणि हार्डनर. साध्या गोंदासारखी ती वाळत नाही, दोन्हींच्या रासायनिक जुळणीतून घट्ट होते. म्हणून प्रमाण चुकवून चालत नाही. लवकर घट्ट व्हावी म्हणून हार्डनर जास्त घातला तर उरलेल्या हार्डनरला जोडीदारच मिळत नाही आणि मिश्रण कायमचं चिकट, रबरासारखं राहतं. गूजन यांच्या प्रसिद्ध राळेचं प्रमाण पाच भागांस एक भाग असं आहे. दुसऱ्या कंपन्यांचं दोनास एक किंवा सारखं सारखं असतं. जुळणी होताना उष्णता निघते. कपात शंभरेक ग्रॅम मिश्रण कालवून ठेवलं आणि जलद हार्डनर असला तर साध्या खोलीच्या तापमानाला दहा मिनिटांत कप हातात धरवत नाही. आणखी थोड्या वेळात त्यातून धूर येतो, कप वितळतो. तेच मिश्रण पसरट ताटलीत ओतलं तर उष्णता निघून जाते आणि कामाला कितीतरी जास्त वेळ मिळतो. थंडीत ती थिजलेल्या तुपासारखी होते, बारीक फटीत शिरत नाही आणि घट्टही होत नाही. म्हणून हिवाळ्यात काम करायचं तर आधी खोली उबदार करावी लागते. घट्ट झाल्यावर तिच्यावर कधीकधी मेणचट पापुद्रा येतो, तो साध्या पाण्याने आणि खरखरीत घासणीने धुतल्याशिवाय दुसरा थर बसत नाही. आणि ती उघड्या हातांनी हाताळू नये. सुरुवातीला काही होत नाही, म्हणून माणूस गाफील राहतो. पण एकदा त्वचेला तिचं वावडं सुरू झालं की ते आयुष्यभर सुटत नाही आणि मग नुसत्या वासानेही अंगावर पुरळ उठतं. हातमोजे आणि मोकळी हवा यांत काटकसर करण्यासारखं काहीच नाही.

लाकडी जमिनीची दुरुस्ती टोच्याने सुरू होते. वरचं लिनोलियम काढून दर दोन इंचांवर टोच्या टेकवायचा. धड लाकडात तो अडतो; कुजलेल्यात भिजलेल्या पावात जावा तसा जातो. जिथे मुठीएवढा भागच गेला असेल तिथे तो कोरून काढून पोकळी भरता येते. इपॉक्सीत बारीक सिलिका मिसळली की ती पिठल्यासारखी घट्ट होते आणि जागेवर थांबते. पण हातभर भाग गेला असेल तर भरण्याचा नाद सोडून चौकोन कापून काढावा, खालच्या आडव्या लाकडांना नव्या लाकडाची जोड द्यावी आणि नवा प्लाय बसवावा. नव्या प्लायच्या कडांवर इपॉक्सीचे दोन-तीन हात द्यायलाच हवेत, कारण प्लाय पाणी पितो तो कडेने. इथे एक सुंदर युक्ती आहे. दिव्याने किंवा गरम हवेने लाकूड आधी कोमट करायचं, उष्णता बंद करायची आणि मग इपॉक्सी लावायची. लाकूड निवताना त्याच्या पोटातली हवा आकसते आणि राळेला आत ओढून घेते. कडेला उभं राहून पाहिलं तर चकाकणारा थर डोळ्यांदेखत मंद होत आत जिरताना दिसतो.

हे आत जिरणं विकत मिळावं म्हणून पातळ केलेली, ‘खोल शिरणारी’ इपॉक्सी बाजारात असते. त्यात पातळ करणारा द्रव उडून जातो आणि मागे विरळ, कमजोर राळ राहते. राळ अशी पातळ करणं गूजन यांच्या कंपनीला पसंत नाही आणि त्यांचं म्हणणं पटण्यासारखं आहे. थोड्या भुसभुशीत झालेल्या कडेला तिचा उपयोग होतो. पण जे लाकूड भार पेलायचं सोडून बसलं आहे त्याला ती पुन्हा उभं करू शकत नाही. टोच्या अडतो, म्हणून दुरुस्त झालं असं समजणं धोक्याचं आहे.

फोमच्या जमिनीला तर ती लावूच नये. पातळ करणारे बरेचसे द्रव पॉलिस्टायरीन विरघळवतात. होडीवाल्यांची नेहमीची स्वस्त पॉलिएस्टर राळही इथे चालत नाही, तिच्यातलं स्टायरीन फोमला गरम तव्यावरच्या लोण्यासारखं वितळवतं. भरायला गेलेल्याच्या हाती आधीपेक्षा मोठी पोकळी येते. शुद्ध इपॉक्सी मात्र फोमला धक्का लावत नाही. म्हणून मऊ फोम-जमिनीसाठी तीच खरी. काम शांतपणे करावं लागतं. ड्रिलच्या पात्याला ठराविक खोलीवर चिकटपट्टीची खूण करायची, म्हणजे पातं खालच्या प्लायमधून आरपार जाणार नाही. मऊ भागावर तीन-चार इंचांच्या अंतराने भोकांची जाळी पाडायची. सिरिंजने एका भोकात इपॉक्सी सोडत राहायचं, शेजारच्या भोकांतून ती वर आली की पुढच्या भोकाकडे सरकायचं. चार भोकांच्या तोंडाशी राळेचे मण्यांसारखे थेंब एकाच वेळी फुगून येतात, तेव्हा खालची अंधारातली पोकळी भरल्याची खात्री पटते. वर प्लास्टिकचा कागद, त्यावर सपाट फळी, फळीवर पाण्याने भरलेल्या बादल्या आणि रात्रभर त्या जागेकडे फिरकायचं नाही. फुगणारा पॉलियुरेथेन गोंद स्वस्त पडतो म्हणून कोणी भोकांत तो भरतं. पण तो फुगताना प्लायलाच वर ढकलतो आणि सपाट जमिनीला टेंगूळ येतं.

भिंतीचं काम यापेक्षा अवघड, कारण भिंत उभी असते आणि राळ खाली ओघळते. फुगा कडेजवळ असेल तर पट्टी काढून फायबरग्लासचा पत्रा कडेपासून हळूहळू मोकळा करतात आणि लाकडी पाचरी घालून उघडा धरतात. बाहेरचा पत्रा बहुतेक वेळा लुआनपासून नीट सुटलेला नसतो. लुआनच मधून फाटलेला असतो आणि त्याचा एक पापुद्रा पत्र्याच्या पाठीला चिकटून आलेला असतो. तो कुजका पापुद्रा खरवडून, घासून काढल्याशिवाय गोंद लावला तर तो गोंद फक्त एका मेलेल्या कागदाला धरून बसतो. साफ झाल्यावर लांब दांड्याच्या रुळाने किंवा पट्टीने आत इपॉक्सी पसरवायची, पत्रा मिटवायचा आणि दाबून ठेवायचा. दाब सगळीकडे सारखा हवा. भिंतीवर प्लायची मोठी फळी टेकवतात, फळीला आडव्या तुळया आणि तुळयांना तिरके टेकू देऊन ते शेजारी उभ्या केलेल्या ट्रकच्या चाकाला किंवा धान्याच्या कोठाराच्या भिंतीला अडकवतात. अंगणात असा टेकूंनी घेरलेला ट्रेलर पाहिला की एखाद्या जुन्या वाड्याच्या कललेल्या भिंतीला दिलेले धिरे आठवतात.

चांगल्या कार्यशाळांत हेच काम हवेकडून करून घेतात. भिंतीवर प्लास्टिकचा पडदा चारही कडांनी चिकट पट्टीने बंद करून आतली हवा पंपाने ओढतात. बाहेरची हवा मग पडद्याला भिंतीवर दाबते. पूर्ण निर्वात झाला तर एका चौरस मीटरवर सुमारे दहा टनांचा भार पडतो, एवढ्याने फोमच चेपायचा. म्हणून थोडी हवा ओढूनच थांबतात. निम्म्याहून कमी निर्वातातही भिंतीच्या इंचाइंचावर एकसारखा दाब येतो आणि तसा दाब कुठल्याही टेकूने देता येत नाही. कारखान्यात भिंत पहिल्यांदा चिकटवली जाते तेव्हाही अनेकदा हीच पद्धत असते. शेवटी उघड्या राहिलेल्या इपॉक्सीवर रंग चढवावा लागतो, कारण उन्हात ती पिवळी पडते, मग खडूसारखी होते.

या सगळ्याला किती दिवस लागतात हे ऐकून पुष्कळ जण गाडी भंगारात देण्याचा विचार करतात आणि काही गाड्यांबाबत तो बरोबरही असतो. भिंतीतला सांगाडाच गंजला-कुजला असेल, किंवा चारही भिंतींना पोट आलं असेल, तर राळ ओतणं म्हणजे पैसे ओतणं. पण एका खिडकीखालचा फुगा, सिंकपुढचा दोन फुटांचा मऊ चौकोन यांसाठी घर टाकून देऊ नये. पुष्कळांसाठी ते खरंच घर असतं. जेसिका ब्रूडर यांच्या ‘नोमॅडलँड’ या 2017 च्या पुस्तकात आणि त्यावरून आलेल्या चित्रपटात भेटणारी माणसं उतारवयात घरभाडं परवडत नाही म्हणून चाकांवर राहायला आलेली आहेत. हिवाळ्यात अ‍ॅरिझोनातल्या क्वार्ट्झसाइटच्या वाळवंटात अशी हजारो घरं शेजारी शेजारी उभी राहतात. तिथली कोरडी हवा, गंमत म्हणजे, लाकूड वाळवायला फार चांगली असते आणि पट्ट्या काढून ठेवलेल्या भिंती तिथे उन्हात आपोआप सुकतात.

जुन्या चंदेरी एअरस्ट्रीम ट्रेलरांची गोष्ट याहून जवळून पाहण्यासारखी आहे. वॉली बायम यांनी 1931 साली सुरू केलेल्या या कंपनीच्या गाड्यांचं अंग अ‍ॅल्युमिनियमचं, पण जमीन प्लायची. मागच्या बंपरच्या सांध्यातून पाणी शिरून त्या प्लायची मागची कड कुजते आणि सांगाडा व वरचं कवच एकमेकांपासून सुटू लागतात. मागच्या बंपरवर पाय देऊन दाबलं आणि बंपर खाली जाताना कवच जागच्या जागी राहिलं की समजायचं. पन्नास वर्षांपूर्वीच्या अशा गाड्यांची ती कड पुन्हा बांधून लोक त्या आजही रस्त्यावर चालवतात. आतली जमीन उचकटली की तीत तीन-तीन पिढ्यांच्या दुरुस्त्या दिसतात: कुठे पत्र्याचं ठिगळ, कुठे डांबर, कुठे इपॉक्सीचा पिवळट टवका. त्यांतलं टिकलेलं ठिगळ बघितलं तर ते लावणाऱ्याने आधी लाकूड वाळू दिलेलं असतं.

छपरावरचा सीलंट वर्षातून दोनदा, हिवाळ्याआधी आणि हिवाळ्यानंतर, गुडघ्यांवर बसून बोटाने तपासावा. केसाएवढी तड दिसली तरी जुना सीलंट साफ करून त्यावर नवा द्यावा. तासाभराचं काम आहे. आणि जुनी आरव्ही विकत घ्यायला जाणाऱ्यांनी, अमेरिकेत कुटुंबासह फिरायला म्हणून ती शोधणाऱ्या मराठी मंडळींनीही, संध्याकाळच्या तिरप्या उन्हात जावं. आधी बाहेरून भिंतीच्या कडेने नजर टाकावी. मग बूट दाराशी काढून अनवाणी आत जावं, कडेकडेने चालावं, सिंकपुढे, दारात, पलंगाच्या पायथ्याशी जरा वेळ उभं राहावं. तिथे पायपुसणं अंथरलेलं असेल तर ते उचलून बघावं.